बेरोजगार भत्ता संपल्यावर पुढे काय? कर्नाटकच्या ‘युवा निधी’चे म्हैसूरमधून दिसणारे गणित

म्हैसूर : पदवी हातात आहे, पण नोकरी नाही, अशा तरुणांना दरमहा आर्थिक आधार देणाऱ्या कर्नाटक सरकारच्या ‘युवा निधी’ योजनेत भत्त्याची कमाल मुदत दोन वर्षे आहे. जानेवारी २०२४ मध्ये योजनेत आलेल्या पहिल्या लाभार्थ्यांची ही मुदत जानेवारी २०२६ मध्ये पूर्ण होते. त्यामुळे भत्ता किती जणांना मिळाला यापेक्षा त्या दोन वर्षांत किती जण रोजगारापर्यंत पोहोचले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. शतकाहून अधिक जुने विद्यापीठ, माहिती तंत्रज्ञान क्षेत्र आणि जवळच औद्योगिक वसाहती असलेल्या म्हैसूरमध्ये या प्रश्नाच्या सर्व बाजू एकत्र पाहता येतात.

योजनेचे स्वरूप

सिद्धरामय्या यांच्या नेतृत्वाखालील सरकारने २०२३ मध्ये सत्तेवर येताना जाहीर केलेल्या पाच ‘हमी’ योजनांपैकी ‘युवा निधी’ ही शेवटची. १२ जानेवारी २०२४ रोजी, स्वामी विवेकानंद जयंतीच्या दिवशी, शिवमोग्गा येथे तिचा प्रारंभ झाला. पदवीधरांना दरमहा ३ हजार रुपये आणि पदविकाधारकांना दीड हजार रुपये थेट बँक खात्यात जमा केले जातात. म्हणजे पूर्ण मुदतीत पदवीधराला जास्तीत जास्त ७२ हजार, तर पदविकाधारकाला ३६ हजार रुपये मिळू शकतात.

अर्जदार कर्नाटकचा रहिवासी असावा आणि उत्तीर्ण झाल्यानंतर किमान सहा महिने बेरोजगार असावा, या मुख्य अटी आहेत. अर्ज ‘सेवा सिंधू’ संकेतस्थळावर करावा लागतो. आपण अजून बेरोजगार आहोत, अशी स्वयंघोषणा लाभार्थ्याला वेळोवेळी द्यावी लागते. प्रारंभी ती दरमहा देणे बंधनकारक होते. उच्च शिक्षणासाठी प्रवेश घेतलेले, शासकीय वा खासगी नोकरीत असलेले, कर्ज घेऊन स्वयंरोजगार करणारे आणि शिकाऊ उमेदवार म्हणून विद्यावेतन घेणारे तरुण या योजनेस पात्र नाहीत.

पेच कुठे आहे?

यातील शेवटची अट विशेष लक्ष देण्याजोगी आहे. कारखान्यातील शिकाऊ उमेदवारी हा रोजगाराकडे नेणारा सर्वांत सरळ मार्ग मानला जातो. मात्र त्या मार्गावर पहिले पाऊल टाकताच भत्ता बंद होतो. नोकरीबाबतही हेच घडते. पगार कितीही अल्प असो, ती मिळताच संपूर्ण भत्ता एकाच वेळी थांबतो.

उदाहरणादाखल, नंजनगूड परिसरातील एखाद्या पदवीधराला म्हैसूर शहरात १२ हजार रुपयांची नोकरी मिळाली असे मानू. भत्त्याचे ३ हजार रुपये बंद होतील आणि रोजच्या ये-जा करण्यावर महिन्याला २ हजार रुपये खर्च होतील असे गृहीत धरले, तर प्रत्यक्षात पदरात पडणारी वाढ ७ हजारांचीच राहते. नोकरी तात्पुरती असेल, तर ती सुटल्यावर भत्ता पुन्हा सुरू होईल का, ही धास्ती वेगळीच. अशा स्थितीत काही तरुण चांगल्या संधीची वाट पाहतील, तर काही जण नोंद नसलेले काम पत्करतील. दोन्ही मार्गांनी योजनेचा हेतू दुबळा होतो.

ब्रिटनने यावर वेगळा उपाय योजला. तेथील ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ योजनेत काम मिळताच मदत एकदम थांबत नाही. कमाई वाढते तशी ती टप्प्याटप्प्याने घटते. २०२१ च्या अखेरीपासून प्रत्येक जादा पौंडाच्या कमाईमागे ५५ पेन्स इतकी कपात होते. हा दर आधी ६३ पेन्स होता. काम केल्याने घरातील उत्पन्न वाढलेच पाहिजे, हे त्यामागील सूत्र आहे.

एकाच राज्यातील तीन पद्धती

कर्नाटकच्या इतर दोन हमी योजनांशी तुलना केली की हा फरक स्पष्ट होतो. कुटुंबप्रमुख महिलेला दरमहा २ हजार रुपये देणाऱ्या ‘गृहलक्ष्मी’ योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२३ रोजी म्हैसूरमध्येच झाला. प्राप्तिकर भरणारी कुटुंबे तिच्या कक्षेबाहेर आहेत, परंतु लाभार्थी महिलेने मजुरी वा छोटी नोकरी धरली म्हणून मदत थांबत नाही. ११ जून २०२३ पासून लागू झालेली ‘शक्ती’ योजना राज्यातील महिलांना शासकीय साध्या बसमधून मोफत प्रवास देते. ती कामावर जाण्याचा खर्चच कमी करते. वरील उदाहरणातील पदवीधर तरुणी असेल, तर तिचा प्रवासखर्च वाचून वाढ ७ ऐवजी ९ हजारांची होईल.

म्हणजेच एक योजना काम मिळताच थांबते, दुसरी काम करणे वा न करणे पाहत नाही आणि तिसरी कामापर्यंत पोहोचण्याची वाट सोपी करते.

पदवी आणि कौशल्य यांतील अंतर

म्हैसूर विद्यापीठाची स्थापना १९१६ मध्ये नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत झाली. शहरात इन्फोसिसचे विस्तीर्ण प्रशिक्षण संकुल आहे, प्लास्टिक तंत्रज्ञानाचे शिक्षण देणारे ‘सिपेट’चे केंद्र आहे आणि नंजनगूडच्या औद्योगिक पट्ट्यात मोठे कारखाने आहेत. मात्र सामान्य शाखेतील पदवी आणि कारखान्याला हवे असलेले कौशल्य यांतील दरी केवळ भत्त्याने भरून निघत नाही. त्यासाठी भत्त्याच्या काळातच प्रशिक्षणाची जोड आवश्यक ठरते.

कर्नाटकात याचा जुना नमुना उपलब्ध आहे. धर्मस्थळाचे धर्माधिकारी डॉ. वीरेंद्र हेग्गडे यांच्या पुढाकाराने, सिंडिकेट बँक व कॅनरा बँक यांच्या सहभागातून १९८२ मध्ये उजिरे येथे ‘रुडसेटी’ ही संस्था सुरू झाली. बेरोजगार तरुणांना मोफत निवासी प्रशिक्षण, नंतर बँकेच्या कर्जासाठी साहाय्य आणि पुढील दोन वर्षे पाठपुरावा, ही तिची पद्धत. केंद्र सरकारने पुढे याच धर्तीवर जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था उभारण्याचे धोरण स्वीकारले. ‘युवा निधी’ आणि ‘रुडसेटी’ या दोन्हींत दोन वर्षांचाच कालावधी आहे. पहिल्यात तो पैसे देण्याचा आहे, दुसऱ्यात सोबत करण्याचा.

महाराष्ट्राचा अनुभव

महाराष्ट्राने प्रारंभापासून भत्त्याऐवजी कामावर भर दिला. वि. स. पागे यांच्या संकल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याने आधार दिला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. योजनेच्या खर्चासाठी व्यवसाय करही लावण्यात आला.

२०२४ मध्ये राज्याने ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’ आणली. तिच्यात बारावी उत्तीर्णांना ६ हजार, आयटीआय व पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन ठरले; मात्र ते प्रत्यक्ष आस्थापनेत प्रशिक्षण घेतानाच मिळते. कर्नाटकात शिकाऊ उमेदवारी पत्करल्यास मदत बंद होते, तर महाराष्ट्रात ती पत्करल्यावरच सुरू होते. तथापि येथेही मुदतीनंतरचा प्रश्न सुटला नाही. सहा महिने संपत आल्यावर प्रशिक्षणार्थींनी कायम सेवेची मागणी केली आणि २०२५ मध्ये शासनाने कालावधी पाच महिन्यांनी वाढवला.

पुढील दिशा

दोन्ही राज्यांच्या अनुभवातून काही सुधारणा पुढे येतात. शिकाऊ उमेदवारीच्या काळात भत्त्याचा काही भाग सुरू ठेवणे, नोकरी लागल्यावर मदत टप्प्याटप्प्याने कमी करणे आणि अल्पकालीन नोकरी सुटल्यास उर्वरित मुदतीचा लाभ विनासायास परत मिळणे, या त्यांपैकी प्रमुख होत. स्वयंघोषणेचे स्वरूपही बदलता येईल. ‘मी बेरोजगार आहे’ एवढेच नोंदवून घेण्याऐवजी अर्जदाराला कोणते प्रशिक्षण हवे, कोणत्या भागात काम चालेल, हे विचारले, तर तीच माहिती स्थानिक उद्योगांपर्यंत पोहोचू शकते.

गरजू पदवीधराच्या दृष्टीने ३ हजार रुपये क्षुल्लक नाहीत. परीक्षेचे शुल्क, मुलाखतीसाठीचा प्रवास आणि खोलीभाड्याचा वाटा त्यातून भागतो. परंतु पंचविसाव्या महिन्यात खात्यात रक्कम जमा होणार नाही, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. त्या महिन्यात तरुणाच्या हाती पगार आहे की केवळ पदवी, यावरच योजनेचे यश मोजले जाईल.