शिडाचा ताण आणि डोलकाठीवरचा सांधा

शिडाची होडी वाऱ्यावर चालते हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु वारा भरला म्हणजे शिडाला पोट येते, आणि ते पोट किती व कोठे असावे यावर होडीची चाल व तोल अवलंबून असतो, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते.

आपल्या कोकणातील जुन्या गलबतांचे शीड वरच्या तिरप्या परबाणाला बांधीत. खालच्या कडेला काठी नसे. पाश्चात्त्य धर्तीच्या लहान होड्यांत ती असते. तिला बूम म्हणतात, आणि बूम डोलकाठीशी जोडणाऱ्या सांध्याला गूजनेक. हा सांधा दोन प्रकारचा असतो: पक्का आणि सरकता.

मंद वाऱ्यात शिडाची डोलकाठीलगतची कड थोडी सैल ठेवतात. वारा वाढला की कापड ताणते, पोट मागे सरकते आणि होडी कलू लागते. अशा वेळी ती कड ताणली, तर पोट पुन्हा पुढे येते. प्रश्न एवढाच, की ताण द्यावा कसा?

सरकता सांधा डोलकाठीवरील पट्टीत खालीवर होतो. शीड वर चढवून त्याचा दोर बांधावा, मग बूम खाली ओढावी. वर खेचण्यापेक्षा खाली ओढणे सोपे, कारण अंगाचा भार कामी येतो. पण पट्टी झिजली किंवा तीत वाळू गेली की सांधा अडकतो. शिवाय शीड लहान करताना वरचा दोर ताणला की बूमही वर जाते. म्हणून तिला अटकाव लागतो.

पक्का सांधा मजबूत. शीड लहान करताना बूम जागची हलत नाही. मात्र तेथे सारा ताण वरच्या दोराने द्यावा लागे. यावर ब्रिग्ज कनिंगहॅम यांनी तोड काढली. 1958 साली अमेरिका चषक जिंकणाऱ्या 'कोलंबिया'चे ते कप्तान. शिडाच्या खालच्या कोपऱ्याच्या थोडे वर भोक पाडून त्यातून दोर ओवला, की बूम न हलवता कड ताणता येते. त्या दोराला आजही त्यांचेच नाव आहे.

मग निवड कोणती करावी? वरचा दोर हाताने पुरेसा ताणता येत नसेल, तर सरकता सांधा बरा. वारंवार शीड लहान करावे लागत असेल, तर पक्का सांधा आणि कनिंगहॅमचा दोर. सांधा कोणताही असो, किनारा सोडण्यापूर्वी तो हाताने तपासावा. भर झोतात अडकलेला सांधा सोडवीत बसण्यास उसंत मिळत नाही.