परतण्याचा हक्क

उन्हाळ्यात उजनी धरणाचे पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते. भीमाकाठची करमाळा, इंदापूर भागातील अनेक गावे या पाण्याखाली गेली. त्यामुळे गाव सुटणे म्हणजे काय, हे आपल्या भागातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही. तरीही धरणग्रस्ताचे गाव गेले, देश गेला नाही. मतदार यादीत त्याचे नाव राहिले आणि गाऱ्हाणे मांडण्यासाठी त्याचे स्वतःचे सरकार राहिले. पॅलेस्टिनी माणसाचे मात्र घर आणि नागरिकत्व दोन्ही एकदमच गेले. त्याचा प्रश्न समजून घ्यावयाचा तर येथूनच सुरुवात केली पाहिजे.

या प्रश्नाशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो कोकणातून जातो. अलिबागजवळच्या नवगाव किनाऱ्यावर आपले पूर्वज जहाज फुटून आले, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. हे लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. किहीमकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे, मराठी ही त्यांची मातृभाषा. धर्माने ज्यू असलेल्या या मंडळींना येथे कोणी छळले नाही. युरोपात मात्र हिटलरच्या राजवटीत सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या झाली. आपल्याला हक्काची भूमी असावी ही ज्यूंची तळमळ त्यामुळे जगाला पटली, आणि ती खोटी नव्हती.

परंतु ती भूमी रिकामी नव्हती. ब्रिटिशांनी १९१७ साली बाल्फोर जाहीरनाम्याने तेथे ज्यूंच्या राष्ट्रीय निवासस्थानाला पाठिंबा दिला, तेव्हा तेथील रहिवाशांत बहुसंख्य अरब होते. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणीचा ठराव केला. भारताने विरोधात मत दिले. दोन्ही समाजांनी एका संघराज्यात नांदावे, अशी योजना भारताने इराण व युगोस्लाव्हिया यांच्यासह आधीच मांडली होती. फाळणीचे घाव ताजे असलेल्या देशाचे हे मत होते. ठरावानंतर युद्ध पेटले. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाले आणि सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी निर्वासित झाले.

त्यांपैकी लिद्दा व रामले या दोन शहरांची हकिकत आपण विशेष ध्यानात घ्यावी. फाळणीच्या योजनेत ही शहरे अरब राज्याच्या वाट्याला होती. जुलै १९४८ मध्ये इस्रायली सैन्याने ती जिंकली आणि ५० ते ७० हजार रहिवाशांना ऐन उन्हाळ्यात बाहेर काढले. निर्वासितांना घरी परतू द्यावे, असा संयुक्त राष्ट्रसंघाचा १९४ क्रमांकाचा ठराव त्याच वर्षीच्या डिसेंबरात झाला. तो अमलात आला नाही. उलट, १९५० साली इस्रायलने ‘परतीचा कायदा’ केला. जगातील कोणत्याही ज्यूला तेथे येऊन नागरिक होण्याचा हक्क त्याने मिळाला. या कायद्याच्या आधारे कोकणातील आणि मुंबईतील हजारो बेने इस्रायल कुटुंबे तिकडे गेली. त्यांतील कित्येक ज्या गावांत स्थायिक झाली, त्यांत लोद आणि रामले ही गावे आहेत. लोद म्हणजेच लिद्दा!

ज्याचे आजे-पणजे अलिबागेस वाढले, तो ‘परतला’. ज्याचा जन्म लिद्द्यात झाला, त्याला परत येता आले नाही. यात आपल्या मराठी बांधवांना दोष देण्याचे कारण नाही. ते कायद्याने गेले, आणि तेथेही त्यांना मान सुखासुखी मिळाला नाही. त्यांच्या ज्यूपणाबद्दलच तेथील धर्मपीठाने शंका घेतली. त्याविरुद्ध त्यांनी लढा दिला, तेव्हा १९६४ साली तेथील संसदेने त्यांना सर्वार्थाने ज्यू म्हणून मान्य केले. आपली ओळख दुसऱ्याने ठरविणे किती अपमानाचे असते, हे त्यांनी अनुभवले आहे.

पॅलेस्टिनींच्या वाट्याला हाच अपमान अधिक काळ आला. १९६७ च्या युद्धात इस्रायलने पश्चिम किनारा, पूर्व जेरुसलेम व गाझा घेतले. त्यानंतरच्या सुरक्षा परिषदेच्या २४२ क्रमांकाच्या ठरावात ‘निर्वासितांचा प्रश्न’ एवढाच उल्लेख होता. पॅलेस्टिनी हा शब्दसुद्धा नव्हता. १९७४ साली आमसभेने त्यांचा स्वयंनिर्णयाचा हक्क मान्य केला. धान्याची रांग लावणारा निर्वासित आता हक्क मागणारे राष्ट्र म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याच वर्षी भारताने पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला मान्यता दिली आणि १९८८ मध्ये पॅलेस्टाईन राज्यालाही दिली. १९९२ साली इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडतानाही ही मान्यता काढून घेतली नाही. २०२५ पर्यंत दीडशेहून अधिक देशांनी मान्यता दिली; मात्र पूर्ण सदस्यत्वाचा ठराव एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या नकाराधिकाराने अडला.

मान्यतेचा कागद मिळाला म्हणजे राष्ट्र उभे राहिले असे नव्हे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसे मारली गेली. त्यानंतर गाझात हजारो बालकांसह दहापट किंबहुना त्याहूनही अधिक माणसे मेली आणि जवळजवळ सारी वस्ती बेघर झाली. एका अन्यायाने दुसऱ्या अन्यायाची फेड होत नाही, हेच यातून दिसते.

छळ झालेल्या ज्यूला घर हवे, हे आपण मानतो. मग घर गेलेल्या पॅलेस्टिनीलाही ते हवे, हे मानण्यासाठी वेगळे तत्त्वज्ञान लागत नाही. माप तेवढे एकच हवे. नवगावचा किनारा आणि लिद्द्याची वेस दोन्ही डोळ्यांसमोर ठेवणाऱ्या मराठी माणसाला तरी ते अवघड जाऊ नये.