पाव लिटर रक्ताचा हिशेब

तीन किलो वजनाच्या नवजात बाळाच्या अंगात रक्त जेमतेम पाव लिटर, म्हणजे दोन-तीन कप चहाएवढे असते. त्यातले पन्नास मिलिलिटर गेले, तर पाचवा हिस्सा गेला. म्हणून तान्ह्याच्या मेंदूची शस्त्रक्रिया करताना रक्ताने भिजलेले बोळेसुद्धा वजन करून मोजतात.

दुसरा धोका गारठ्याचा. बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे, त्यातून ऊब भराभर निघून जाते. अंग गार पडले की रक्त नीट गोठत नाही. त्यामुळे ऑपरेशन थिएटर उबदार ठेवतात, शिरेतून जाणारे सलाईनही कोमट करून देतात. मोठ्यांचे डोके टोकदार पिनांच्या चौकटीत पक्के धरता येते; बाळाची पातळ कवटी त्या पिनांनी भेदली जाईल, म्हणून ते मऊ गादीवर टेकवतात. आणि टाळू भरलेली नसते, तोवर तिथूनच सोनोग्राफीने मेंदू पाहता येतो. ही सोय साधारण दीड वर्षापर्यंतच.

या वयात मेंदूची शस्त्रक्रिया पुष्कळदा करावी लागते ती डोक्यात पाणी साचल्यामुळे, म्हणजे हायड्रोसेफॅलसमुळे. झडप असलेली बारीक नळी, म्हणजे शंट, कातडीखालून पोटापर्यंत नेतात आणि जादा पाणी तिथे जिरते. अमेरिकेतल्या जॉन होल्टर या तंत्रज्ञाने 1956 मध्ये स्वतःच्या आजारी मुलासाठी अशी झडप तयार केली. आपल्याकडचा छाब्रा शंट उत्तर प्रदेशातल्या शाहजहांपूरला बनतो. युगांडात तो महागड्या परदेशी शंटच्या शेजारी ठेवून पाहिला, तेव्हा वर्षभरानंतरच्या निकालात लक्षणीय फरक आढळला नाही. ही आपल्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. काही बाळांना तर नळीच लागत नाही. दुर्बिणीने आत छिद्र पाडून पाण्याला वाट करून देतात.

अशा शस्त्रक्रियेसाठी मोठ्या शहरात जायचे, तर बऱ्हाणपूरहून इंदूर रस्त्याने सुमारे 180 किलोमीटर, मुंबई रेल्वेने सुमारे 500. पण माझ्या मते खरा उशीर प्रवासात होत नाही, घरात होतो. ‘डोके मोठे आहे, बापावर गेलेय’ म्हणत महिने जातात. काही घराण्यांत डोकी खरेच मोठी असतात. पण ते ठरवायचे डॉक्टरांनी. तोवर साचलेले पाणी मेंदूला दाबत राहते आणि झालेली इजा शंटने पुरती भरून निघत नाही.

जन्मतः डोक्याचा घेर साधारण 35 सेंटिमीटर असतो, पहिले तीन महिने दरमहा दोनेक सेंटिमीटरने वाढतो. लसीच्या प्रत्येक दिवशी तो मोजून कार्डावर लिहून घ्या. घेर झपाट्याने वाढत असेल, टाळू फुगून ताठ झाली असेल किंवा बुबुळे सतत खाली झुकलेली दिसत असतील, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या.