उष्माघात : आधी अंग थंड करा!

एप्रिल-मे म्हणजे लग्नसराईचे, जयंतीच्या मिरवणुकांचे दिवस. कष्टकऱ्याला तर ऊन असो की पाऊस, कामावर जावेच लागते. वीटभट्टी, बांधकाम, हमाली, शेतमजुरी ही कामे सावलीत होत नाहीत. घरी यावे, तर डोक्यावर तापलेला पत्रा. म्हणूनच उन्हाचा पहिला तडाखा गरिबाला बसतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीत एक गवंडी भर दुपारी झोकांड्या खात आला. काहीबाही बरळू लागला. “दुपारीच प्यायला वाटतं,” असे म्हणून लोक हसले. शेजारच्या एका मावशीने मात्र अंगाला हात लावला आणि ती ओरडली, “अरे, अंग नुसते भाजते आहे!” तिने भराभर हंड्यातले पाणी त्याच्या अंगावर ओतले. दवाखान्यात नेल्यावर तो वाचला. त्याने दारूचा थेंबही घेतला नव्हता.

उन्हाने थकवा आला की घाम सुटतो, चक्कर येते, मळमळते, पायांत गोळे येतात. सावलीत बसवून पाणी पाजले की बहुधा बरे वाटते. परंतु अंग फार तापले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघातच समजावा. मग घाम येत असला तरी. अशा वेळी एकेक मिनिट मोलाचे असते.

रोग्यास सावलीत न्यावे. कपडे सैल करावेत. अंगावर पाणी ओतून वारा घालावा. मान, काखा व जांघेत ओल्या फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवावा. त्याच वेळी कोणीतरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी येथे कामाची नाही. कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नये.

तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. घाम फार गेला किंवा जुलाब झाले, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे प्यावे. चमचा चहाचा घ्यावा. पत्र्याच्या घरातील म्हातारी माणसे व तान्ही मुले यांच्याकडे दुपारी आवर्जून लक्ष द्यावे.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे भर उन्हात झालेल्या समारंभानंतर १४ जणांचे प्राण गेले. खारघर काही विदर्भात नाही. पण हवा दमट असली की घाम सुकत नाही आणि अंग निवत नाही. म्हणून जयंती मंडळांना कळकळीची विनंती, की मिरवणूक ऊन उतरल्यावर काढा. मुलांचे लेझीम पथक दुपारी उभे करू नका. वर्गणीतून ढोल-ताशाआधी पाण्याचे पिंप आणि मांडव यांची सोय करा.

आणि उन्हात कोणी झोकांड्या खाताना दिसला, तर हसण्यापूर्वी त्याच्या अंगाला हात लावून पाहा.