पावसाळ्यातली भूक मोजू या

उपाशी झोपतो तोच भुकेला, अशी आपली समजूत आहे. पण भूक त्याच्या बरीच आधी घरात शिरते. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना ती ओळखायला ८ प्रश्न विचारते. गेल्या १२ महिन्यांत पैसा नसल्यामुळे अन्नाची काळजी लागली का? पौष्टिक खाता आले नाही, असे झाले का? तेच ते खावे लागले का? एखादे जेवण टाळले का? पोटाला हवे त्यापेक्षा कमी खाल्ले का? घरातले अन्न संपले का? भूक असून जेवला नाहीत, असे झाले का? अख्खा दिवस उपाशी काढला का?

महाबळेश्वरात हे प्रश्न पावसाळ्यात विचारावेत. उन्हाळ्याअखेर स्ट्रॉबेरीची तोडणी संपते, जूनपासून गिऱ्हाईक कमी होते आणि हॉटेले माणसे कमी करतात. पाऊस सगळ्यांच्या छपरावर सारखाच पडतो, चुली मात्र सारख्या विझत नाहीत. पगारी नोकराचा पगार सुरू राहतो. मळेवाल्याला माल विकलेला पैसा पुरतो, नाहीतर जमिनीवर कर्ज मिळते. मळ्यात रोजाने तोडणी करणारी, हॉटेलात भांडी घासणारी बाई मात्र दुकानदाराच्या वहीवर जगते. जमीन कोणाच्या नावावर आणि झाडू कोणाच्या हातात, हे पिढ्यान्‌पिढ्या जातीने ठरवले. त्याची खूण मुलांच्या अंगावर दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सर्वांत गरीब घरांतली ४६ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली, तर सर्वांत सधन घरांतली २३ टक्के.

रेशन आधार देते, पण तेही सर्वांना सारखे नाही. अंत्योदय कार्डावर घराला महिना ३५ किलो धान्य मिळते, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. ५ किलो म्हणजे दिवसाला माणशी साधारण १६५ ग्रॅम. त्यात डाळ नाही, तेल नाही. प्राधान्य यादीसाठी २०१३ साली शहरी भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार ठरली, ग्रामीण भागात ४४ हजार. आता हिशेब करा. हंगामात महिना ८ हजार मिळाले, तरी ८ महिन्यांचे ६४ हजार होतात. म्हणजे उरलेले ४ महिने हात रिकामे असले, तरी कागदावर ते घर मर्यादेच्या वर जाते. सरकार वर्ष मोजते, पोट दिवस मोजते.

शेवटचा फरक एकाच घरात असतो. आधी पुरुष, मग मुले, उरले तर बाई. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. चक्कर, धाप, सततचा थकवा याला आपण "बाईचा अशक्तपणा" म्हणून सोडून देतो. गरोदरपणी हाच रक्तक्षय आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतो.

वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला आपण जमतोच. त्यातला अर्धा तास या ८ प्रश्नांना देऊ या. नावे न लिहिता कोणत्या महिन्यात किती घरांनी "हो" म्हटले, ते वहीत लिहू या. नव्या सुनेचे, बाळाचे नाव रेशनकार्डावर चढले का, ते पाहू या. गावचे कार्ड असले तरी अंगठा लावून धान्य इथल्या दुकानात उचलता येते, हे कामासाठी आलेल्यांना सांगू या. गरोदर व स्तनदा माता आणि ६ वर्षांपर्यंतची मुले यांचा अंगणवाडीतला आहार २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हक्काचा आहे. तो मागताना मान खाली घालायचे कारण नाही. धान्य कमी तोलले, तर पावती घ्या आणि तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार द्या. एकट्याने नको, वस्तीने मिळून द्या.

आणि आज रात्रीपासून घरातली सगळी ताटे एकदमच वाढा. त्याला कोणाची मंजुरी लागत नाही.