पांढऱ्या जहाजातली मार्था

लपाछपी खेळताना तुम्ही कुठे लपता? दाराआड? माळ्यावर? मार्था गेलहॉर्न लपली होती जहाजाच्या न्हाणीघरात, आतून कडी लावून! तेव्हा ती ३५ वर्षांची होती बरं का, आणि तिच्या कादंबऱ्याही छापून आल्या होत्या.

जून १९४४. दुसरं महायुद्ध चालू होतं. हिटलरच्या सैन्याने बळकावलेला फ्रान्स सोडवायला इंग्लंडहून हजारो जहाजं निघाली होती. अमेरिकेच्या या लेखिकेला तिथे काय घडतंय ते स्वतः बघून लिहायचं होतं. स्पेनच्या युद्धातूनही तिने असंच लिहिलं होतं. पण इथे बायकांना आघाडीवर जायला बंदी! मग तिने बंदरावरच्या पहारेकऱ्याला सांगितलं, “मला परिचारिकांची मुलाखत घ्यायचीय,” आणि ती जहाजावर चढली ती उतरलीच नाही.

हे जहाज पांढरंशुभ्र होतं. लढाऊ जहाजं करडी असतात, म्हणजे ती लांबून पाण्यात मिसळून जातात. मग हे असं उठून दिसणारं का? कारण ते दिसायलाच हवं होतं! ते होतं तरंगतं इस्पितळ. पांढरा रंग, कडेने हिरवा पट्टा, वर लाल क्रॉस. अशा जहाजावर तोफ डागायची नाही, हे देशांनी १९०७ सालीच करार करून ठरवलं होतं. मला हा नियम फार मोलाचा वाटतो.

आता कोकणातल्या दोस्तांसाठी एक प्रश्न. पौर्णिमेला समुद्राचं काय होतं? उधाण! सूर्य, पृथ्वी, चंद्र एका रेषेत आले की भरतीचं पाणी खूप चढतं आणि ओहोटीला तितकंच मागे हटतं. सैनिक फ्रान्सला पोचले त्या ६ जूनला पौर्णिमाच होती. तिथल्या किनाऱ्यावर जर्मनांनी खांब आणि सुरुंग पेरले होते. ओहोटीला ते उघडे पडतात, म्हणून सैनिक सकाळच्या ओहोटीला उतरले.

मार्था पोचली ती त्यानंतर. जखमींना आणायला ती स्ट्रेचरवाल्यांबरोबर पाण्यात उतरली, कमरेइतक्या पाण्यातून किनाऱ्यावर गेली. सुरुंग काढलेल्या वाटेच्या दोन्ही कडांना पांढऱ्या फिती लावल्या होत्या. त्यांच्या मधूनच चालायचं, पाऊल बाहेर पडता कामा नये! जहाजावर तिने जखमींना पाणी दिलं, खाऊ घातलं.

परतल्यावर ती पकडली गेली. तिला परिचारिकांच्या छावणीत ठेवलं, तर कुंपण ओलांडून ती सटकली आणि थेट इटलीच्या आघाडीवर गेली! पुढे तिने युद्धातल्या सैनिकांवर कादंबरी लिहिली. ती १९४८ साली आली.

आणि १९८९ साली अमेरिकेने पनामावर हल्ला केला, तेव्हा ८१ वर्षांच्या मार्थाआजी तिथेही गेल्या. घरं गमावलेल्या माणसांना भेटल्या आणि काय काय झालं ते त्यांनाच विचारत राहिल्या.