बिनमोटारीची वाट

गोवंडीत सकाळी सहाच्या आधीच सायकली रस्त्यावर येतात. पाववाल्याच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी फुगलेल्या पिशव्या, चहावाल्याच्या मागे स्टीलची टाकी आणि हँडलला कागदी कपांची माळ, भंगारवाल्याच्या नळीवर आडवं टाकलेलं पोतं. थोड्या वेळाने शाळेची पोरं निघतात, एका सायकलवर तिघं. मुंबईत आता सायकल चालवतंय कोण, असं विचारणाऱ्यांनी एकदा महापालिकेच्या एम पूर्व विभागात येऊन कोपऱ्यावर उभं राहावं. फक्त यातली एकही सायकल फिरायला निघालेली नसते.

फिरायचं म्हटलं तरी जायचं कुठे? घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावर डंपर, टँकर आणि देवनारच्या कचऱ्याच्या गाड्या. २०२१ मध्ये वरून उड्डाणपूल गेला, पण सायकलवाला खालीच राहिला. दक्षिणेला सायन-पनवेल महामार्ग. पूर्वेला ठाण्याची खाडी आहे, खारफुटी आहे, हिवाळ्यात रोहित पक्षी आहेत, पण सायकलवरून निवांत तिथवर पोहोचावं अशी वाट नाही. मागून हॉर्न वाजणार नाही आणि समोर झाडी किंवा जुनी तटबंदी असेल, अशी रविवारची सायकलफेरी ही चैन आहे का, आणि असली तर कुणाची, हे पाहायला आधी जरा लांब, फ्रान्समध्ये जाऊ.

पॅरिसच्या ईशान्येला, रेल्वेने साधारण तासाभरावर कॉम्पिएन नावाचं गाव आहे. गावाला लागून जंगल, सुमारे १४,००० हेक्टरचं. आपलं बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर, म्हणजे १०,४०० हेक्टर. आकारात फार फरक नाही, हे मुद्दाम लक्षात ठेवा. कॉम्पिएन हे फ्रेंच राजांचं शिकारीचं रान. घोडे दौडवायला त्यांनी ओक आणि बीचच्या झाडीतून सरळसोट रस्ते काढले आणि ते एकमेकांना भेटतात तिथे गोल चौक केले. प्रत्येक चौकात पांढरा लाकडी खांब, त्यावर दिशादर्शक पाट्या आणि खांबाच्या एकाच अंगाला छोटा लाल पट्टा. पट्टा ज्या बाजूला, त्या बाजूला राजवाडा. तिसऱ्या नेपोलियनची राणी रानात वाट चुकली आणि तेव्हापासून ही खूण आली, अशी आख्यायिका सांगतात. घोडे गेले, खांब उरले. आज यातल्या बऱ्याच रस्त्यांच्या तोंडाशी वनखात्याचं आडवं लाकूड असतं. मोटार तिथे थांबते, सायकल बाजूने आत जाते. तंत्रज्ञान म्हणाल तर एवढंच.

या रानातून सायकलची वाट निघते ती पिएरफों या गावात संपते. अंतर फार नाही, रमतगमत गेलं तरी दीड-दोन तास. शेवटच्या वळणावर झाडीच्या वर एकदम बुरूज दिसतात, टोकदार छपरांचे. किल्ला मूळ चौदाव्या शतकाच्या अखेरचा; सतराव्या शतकात राजाज्ञेने पाडलेला; मग १८५७ पासून व्हिओले-ल-द्युक या वास्तुरचनाकाराने तिसऱ्या नेपोलियनसाठी जवळजवळ नव्याने उभारलेला. मध्ययुग कसं असावं याविषयीची एकोणिसाव्या शतकाची कल्पनाच त्याने दगडात बांधली, असं टीकाकार म्हणतात, आणि मला ते पटतं. रायगडावर असा प्रयोग करायचा नुसता प्रस्ताव आला तरी काय होईल, ते वाचकांना सांगायला नको.

गंमत म्हणजे सायकल शर्यतींतली सर्वांत हाडं खिळखिळी करणारी पॅरिस-रुबे ही शर्यत १९७७ पासून याच कॉम्पिएनमधून सुटते. पुढे उत्तरेला गेल्यावर तिच्यात खडबडीत दगडी फरशीचे पट्टे लागतात. म्हणजे एकाच गावातून एक रस्ता घाम गाळणाऱ्यांचा आणि एक शिदोरी बांधून निघालेल्यांचा.

याहून प्रसिद्ध आहे तो लुआर नदीच्या काठाने जाणारा सुमारे ९०० किलोमीटरचा सायकलमार्ग. ब्लुआ, शोमों, आंब्वाज, व्हियांद्री असे वाडे आणि गढ्या या मार्गावर किंवा त्याच्या आसपास आहेत. त्यांतला शांबोर हा जंगल आणि किल्ला एकत्र पाहायचा असेल तर सगळ्यांत चांगला. पहिल्या फ्रान्स्वा राजाने १५१९ मध्ये तो बांधायला घेतला. त्याच वर्षी, राजाच्या आश्रयाने आंब्वाजला राहणारा लिओनार्दो दा विंची वारला. शांबोरमधला दुहेरी जिना, ज्यावर चढणारे आणि उतरणारे एकमेकांना दिसतात पण भेटत नाहीत, तो लिओनार्दोच्या कल्पनेतून आला असावा असं मानतात. भोवतीचं राखीव रान ५,४४० हेक्टर आणि त्याला सुमारे ३२ किलोमीटर लांबीची भिंत. रानडुकरं आणि सांबरासारखी मोठी हरणं आत असतात. माणसाला या रानाचा काही भागच खुला आहे, बाकीचं जनावरांचं.

पण किल्ले आणि राजे होते म्हणून फ्रान्समध्ये सायकलची चैन आली, असं समजू नका. किल्ले आपल्याकडे कमी आहेत का? तिथे जे झालं ते फार अलीकडचं आणि बरंचसं कागदोपत्री काम आहे. छोट्या रेल्वेमार्गांवरची वाहतूक विसाव्या शतकात बंद पडत गेली. रूळ उपटले, पण जमिनीचा लांब, सपाट, सलग पट्टा तसाच राहिला. बरगंडीत क्लुनी आणि जिव्री यांच्या दरम्यान अशाच पट्ट्यावर १९९७ मध्ये देशातला पहिला हरितमार्ग झाला. कालव्यांच्या काठाने पूर्वी घोडे होड्या ओढत न्यायचे, त्या वाटाही अशाच हाताशी आल्या. मग २००४ मध्ये वाहतूक नियमांत ‘हरितमार्ग’ हा रस्त्याचा वेगळा प्रकार लिहिला गेला: पायी, सायकलवर, काही ठिकाणी घोड्यावर; इंजिनला मज्जाव. जिथे असा पट्टा नाही तिथे मार्ग कमी रहदारीच्या गावरस्त्यांवरून नेला. लुआरचा मार्गही सगळाच्या सगळा मोटारमुक्त नाही. खरी भर पडली ती रेल्वेची. प्रादेशिक गाड्यांत सायकल उभी करायला जागा असते, आणि २०२१ च्या नियमानुसार नव्या गाड्यांमध्ये अखंड सायकली नेण्याची सोय सक्तीची झाली. एका टोकाला उतरा, शंभर किलोमीटर खाली दुसऱ्या स्टेशनात चढा. परत फिरायची सक्ती नाही, म्हणून घाई नाही.

असा लांब, सपाट, सलग पट्टा मुंबईतही आहे, आणि त्यावरून शहराचं पाणी वाहतं. तानसा धरणाचं पाणी १८९२ पासून ज्या मोठ्या नळांतून शहरात येतं, ते मुलुंडहून भांडुप, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला असे खाली उतरतात. उपनगरात नुसतं ‘पाईपलाईन’ म्हटलं की कुणालाही कळतं. नळांच्या दोन्ही बाजूंच्या दहा मीटरमधली बांधकामं हटवा, असा आदेश उच्च न्यायालयाने दिला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पुन्हा अतिक्रमण होऊ नये म्हणून महापालिकेने तिथे सायकल आणि चालण्याचा मार्ग आखला. नाव सुरेख दिलं: ‘हरित वारी जलतीरी’. लांबी ३९ किलोमीटर. मुलुंडपासून धारावीपर्यंत आणि एक फाटा घाटकोपरहून वडाळ्याकडे. मुलुंडच्या अंगाला काही तुकडे झाले. सलग मार्ग मात्र अजून झालेला नाही, आणि सायकलच्या वाटेत सलगपणा हाच माल असतो. तुकडा म्हणजे नुसती बाग.

ही जागा मोकळी झाली ती तिथली हजारो घरं पाडून. त्यातल्या कितीतरी कुटुंबांना गोवंडीपासून फार लांब नसलेल्या माहुलच्या इमारतींत पाठवलं, तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीत. तिथल्या हवेने आरोग्याला धोका आहे हे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटलं होतं. लोक विद्याविहारच्या फुटपाथवर बसून लढले आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना दुसरं घर द्या, नाहीतर दरमहा १५,००० रुपये भाडं द्या, असं सांगितलं. फ्रान्सचा हरितमार्ग मेलेल्या रेल्वेवर झाला. आपला जिवंत वस्तीवर. म्हणून तो अर्धवट राहणं मला दुप्पट खटकतं. घरं गेलीच आहेत, तर निदान वाट तरी पुरी व्हावी, आणि ती घाटकोपर-कुर्ल्याच्या टोकाकडून आधी व्हावी, कारण पोटापाण्यासाठी सायकल मारणारा माणूस या टोकाला राहतो.

पालिकेलाच कशाला बोल लावायचा? वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएने २०११ मध्ये सायकलपट्टा केला होता. त्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या आणि अखेर रस्ता रुंद करण्यासाठी तो काढायचं ठरलं. एकाच्या ऑफिसच्या दारापासून दुसऱ्याच्या ऑफिसच्या दारापर्यंत जाणारी वाट होती ती. स्टेशनवरून येणाऱ्याला तिथवर पोहोचायला रिक्षाच करावी लागे.

मग गोवंडीच्या माणसाने रविवारी करायचं काय? डबेवाल्यांचं बघा. ते सायकल लोकलमध्ये चढवत नाहीत. घरांकडून डबे गोळा करणारा एक, त्याची सायकल इकडच्या स्टेशनवर. डबे पोहोचवणारा दुसरा, त्याची सायकल तिकडच्या. मधलं अंतर मालडब्यातून. आपणही सायकल घरी ठेवून निघायचं. हार्बरने कुर्ला, तिथून दादर, दादरहून बोरिवली. बोरिवली पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाच्या दारातून आत गेलं की सायकली भाड्याने मिळतात. घेताना तीन गोष्टी बघा: दोन्ही ब्रेक दाबून, सीट आपल्या उंचीला आणून, आणि पायडल उलटं फिरवून चेन उतरत नाही ना ते. भाड्याच्या सायकलींचं आयुष्य खडतर असतं.

दारापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत डांबरी रस्ता आहे, सहा-सात किलोमीटरचा. पूर्ण बिनमोटारीचा म्हणता येणार नाही: लेण्यांकडे बस जाते, वनखात्याच्या जीपगाड्या फिरतात, आतल्या वारली पाड्यांतल्या लोकांच्या मोटारसायकली असतात. पण दोन गाड्यांच्या मधे एवढी शांतता असते की आपल्याच चेनचा आवाज ऐकू येतो. सुरुवातीला रस्ता सपाट, दहिसर नदीच्या सोबतीने. पुढे साग, ऐन, कळंब, बांबू दाट होत जातात. शेवटचा टप्पा चढाचा. तिथे बहुतेक जण खाली उतरून सायकल ढकलतात, आणि त्यात काही कमीपणा नाही. वाटेत पाड्यातल्या बाया काकडी, पेरू, आवळे घेऊन बसलेल्या दिसतील. तिखटमीठ लावलेली काकडी उघड्यावर धरून फार वेळ उभं राहू नका, माकडं टपलेली असतात. याच रानात २०१५ च्या पाहणीत ३५ बिबटे नोंदले गेले होते, म्हणून अंधार पडायच्या आत बाहेर. कारवी इथे आठ वर्षांतून एकदा फुलते. मागच्या खेपेला २०२४ मध्ये फुलली.

किल्ला नाही, पण कान्हेरी कोणत्याही गढीला भारी आहे. एकाच डोंगरात शंभराहून जास्त लेणी, हजारेक वर्षांच्या काळात खोदलेली. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातलं. ९० क्रमांकाच्या लेण्यात अकराव्या शतकात येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावं कोरून ठेवली आहेत; भिंतीवर नाव लिहायची खोड नवी नाही. पण सायकलवरून तहानलेलं पोहोचल्यावर नजर जाते ती पाण्याच्या पोढ्यांवर. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी खडकात कोरलेलं टाकं, आणि कातळावरून पाणी त्यात वळवणाऱ्या बारीक पन्हळी. याच टेकड्यांच्या पोटात पुढे विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव झाले आणि मुंबईला नळाचं पाणी मिळालं.

खरा किल्लाच हवा असेल तर दुसरा रविवार वसईचा. भाईंदर ते वसई रो-रो बोट फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. मोटारींच्या बरोबरीने सायकलही चढते आणि उतरल्यावर समोर तटबंदीच असते. म्हणून वसईला मात्र आपली सायकल घेऊन जाण्यात अर्थ आहे, जर कुणा मित्राच्या टेम्पोत ती भाईंदरपर्यंत नेता आली तर. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. तटाच्या आत छप्पर उडालेली चर्चं, नागेश्वराचं देऊळ, चिमाजी अप्पांचं स्मारक, मधून वाटा. किल्ल्याबाहेर पडून गिरिज, निर्मळच्या बाजूला वळलं की केळीच्या वाड्या आणि विहिरी लागतात. गाड्या इथेही आहेत, वर्षागणिक वाढताहेत. म्हणून जायचं तर सकाळी लवकर.

पहिल्या फेरीला कान्हेरीच निवडा. खर्च लोकलच्या तिकिटाचा, उद्यानाच्या प्रवेशाचा आणि सायकलच्या भाड्याचा. लेण्यांचं तिकीट वेगळं. ओळखपत्र, पाणी आणि सुटे पैसे जवळ ठेवा. पावसाळ्यात उतारावर ब्रेक घसरतात, सायकल हातात धरूनच उतरा. आणि सोमवारी जाऊ नका, उद्यान बंद असतं.